दगडापाशी थांबलेला बांध

मु. बोरखडी, पोस्ट देवळी, जि. वर्धा
श्रावण वद्य पंचमी, १९५७

प्रिय वासुदेव,

तू सरपंचांना पाठवलेलं कार्ड परवा चावडीवर वाचून दाखवलं. मी तिथे नव्हते, पण गावात कार्ड एकदा वाचलं की घरोघरी पोहोचतं. तू लिहिलंस की ज्या बांधाने माझा भाऊ खाल्ला तो बांध फोडून टाका, माझी संमती आहे. दादाला मुलगा नाही, तेव्हा लोक तुझाच शब्द घरच्या कर्त्याचा शब्द मानतात. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी सगळे फावडी घेऊन टेकाडावर जाणार असं ठरलं आहे. नुसता आपल्याच वावरातला नाही, टेकाडावरची सगळी ओळ फोडणार. लक्ष्मणराव सरपंच मला म्हणाले, वासुदेवनं लिहिलं तवाच लोकाईले धीर आला, नाई तं कोनी पह्यलं फावडं माराले तयार नोहता. तुला माहीत आहे, मला चारचौघांत बोलता येत नाही. म्हणून लिहायला बसले आहे. पोळ्याच्या आत हे पत्र भुसावळला पोचलं पाहिजे, म्हणून तुझं वावर कसणाऱ्या तानबाला सायकलवर देवळीला धाडणार आहे.

मी अजून इथेच आहे. नालवाडीला सासरी जाण्यासाठी दोनदा गाठोडं बांधलं आणि सोडलं. यांचा निरोप आला की राहा, इकडचं आम्ही पाहतो. खरं सांगायचं तर घरात कोणाला माझी फार गरज आहे असं नाही. रुखमावहिनी सगळं करते. सकाळी उठते, बैलांना वैरण टाकते, भाकरी करते. फक्त भाकरी किती करायच्या ते तिला अजून समजत नाही. एखादी उरते, मग ती त्या भाकरीकडे पाहत राहते आणि मी ती उचलून टोपल्याखाली झाकते. रडणं फारसं होत नाही. तेराव्याला तू आलास तेव्हा तुला वाटलं असेल की बाया किती कठीण झाल्या. तसं नाही रे. डोक्यावर काहीतरी पडावं आणि दुखायचं अजून सुरू व्हायचं असावं, तसं आम्हा दोघींचं झालं आहे. दादाला आणलं तेव्हा त्याच्या कानात, नाकात, मुठीत माती होती. वहिनी त्याला अंघोळ घालत होती आणि मी पाणी ओतत होते. आपली काळी माती ओली झाली की कशी चिकटते ते तुला माहीत आहे. घागरीमागून घागर ओतली तरी पाणी काळंच येत होतं. शेवटी आनंदाबाई शेजारीण म्हणाली, पुरे कर बापा रुखमे, मातीतच जायाचं हाय त्याले. वहिनी म्हणाली, मंग ते माती तवा लागन. आत्ता माह्या हातानं स्वच्छ जाऊ दे. ती जे बोलली ते एवढंच.

वासुदेव, तू तेराव्याला आलास, जेवलास आणि संध्याकाळच्या गाडीने गेलास. वावरात गेला नाहीस. तुला आम्ही एवढंच सांगितलं की पावसात बांधाची दरड अंगावर आली. ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही, आणि ते सांगायचं तर मला वाटणीपासून सांगावं लागेल.

बाबांनी वाटणी केली तो दिवस तुला आठवत असेल. टेकाडाच्या माथ्याला मुरमाड बरड, खाली नाल्याशी काळी. हरिदास कुणब्याच्या घरी मोठ्याला वरचं आणि धाकट्याला खालचं दिलं आणि भाऊ भाऊ कोर्टात गेले, ते बाबांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी आपलं वावर वरून खाली, उभं चिरलं. दोघांनाही थोडा बरड, दोघांनाही थोडी काळी. बाबा सगळ्यांना सांगत फिरायचे, माह्या पोराईत कोनाच्या वाट्याले निस्ते गोटे नाई अन् कोनाच्या वाट्याले निस्तं सोनं नाई. मधल्या धुऱ्यावर, दोन्ही वाट्यांच्या हद्दीवर, वरपासून खालपर्यंत दगड रोवले. प्रत्येक दगडाखाली कोळसा घातला, म्हणजे दगड हलला तरी जागा सापडावी. दगड बसवताना तुम्हा दोघांचे हात त्यावर ठेवायला लावले आणि सांगितलं की आता दोन हात असल्याशिवाय या दगडाच्या अलीकडची माती पलीकडे जाणार नाही. मी बांधावर उभी होते. मुलींचा हात त्यात लागत नाही, म्हणून मी नुसती पाहत होते, आणि मला बाबांचा फार अभिमान वाटला. आजही वाटतो. यापेक्षा न्यायाने कोणी काय करणार?

पण वावर उभं चिरलं म्हणजे पट्टी अरुंद आणि लांब झाली. आडवं पेरायचं तर दहा पावलांवर बैल फिरवावे लागतात. मग दादानेही उभंच पेरलं आणि तुझी पट्टी अर्ध्या वाट्याच्या बटईनं करणाऱ्या तानबानेही उभंच पेरलं. पेरणीची तासं वरून खाली, कोळपणीच्या डवऱ्याच्या रेघा वरून खाली. पावसाचं पाणी त्याच रेघांनी नाल्यात जायचं आणि जाताना माती घेऊन जायचं. वरच्या अंगाला खालचा मुरूम दिसायला लागला. कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याच्या वर जाईना. दादा म्हणायचा की बरड म्हातारा झाला. कोणाच्या मनात आलं नाही की आपण न्यायाने वाटणी केली त्या रेघेनेच वावर वाहून चाललं आहे.

हे पहिल्यांदा प्रभाकररावांनी सांगितलं. ते बांधबंदिस्तीच्या कामावरचे ओव्हरसियर, आपला जिल्हा मुंबई राज्यात जायचं ठरलं तेव्हाच तिकडून इकडे आले. सोलापूरकडचे आहेत. तीन पायांवर दुर्बीण ठेवून ते टेकाडावर फिरत, चुन्याच्या रेघा मारत, आणि पोरं त्यांच्या मागे मागे. त्यांची बोली ऐकून दादाला हसू यायचं आणि दादाची ऐकून त्यांना. ते सांगत, उताराला आडवी, सगळीकडे सारख्या उंचीवर एक ओळ धरून बांध घालायचा, म्हणजे पाणी जागोजाग थांबतं, मुरतं, आणि माती वावरातच राहते. टेकाडावरचे सगळे तयार झाले. दादा सगळ्यांच्या आधी. फक्त ओळ मध्ये तुझ्या पट्टीतून जात होती.

आता गेल्या दिवाळीचं लिहिते. लिहू नये असं वाटतं, पण ते सोडून पुढे जाता येत नाही. तू नवा कोट घालून आला होतास. ओसरीवर माणसं बसली होती. दादाने तुला बांधाचं सांगितलं, तू म्हणालास की बांधाखाली माझी चार तासं जातील, आधीच पट्टी केवढी आहे? यात वावगं काही नव्हतं. पण दादाला माणसं बसली की चेव यायचा. तो म्हणाला, साहेबले वावर काऊन लागते बापा? रेल्वेच्या रुळाच्या मधात एवढी खडी हाय, तठी पेर म्हना ज्वारी, इंजिनच डवरून देईन. सगळे पोट धरून हसले. मीही हसले. तू हसला नाहीस. तू उठून म्हणालास की माझ्या वावरात कोणी एक टोपलं माती टाकली तर पाहून घेईन. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलास. दादा दिवसभर म्हणत होता, मी गमतीनं म्हटलं ना, त्याले गंमत काऊन समजत नाई? पण तू एक टोपलं म्हणालास ते त्याने गंमत म्हणून घेतलं नाही. ते त्याने बाबांच्या दगडावर ठेवलं, शपथेसारखं.

उन्हाळ्यात बांध सुरू झाला. अक्षय तृतीयेला तू येशील म्हणून दादाने आपल्या वावरातलं काम शेवटी ठेवलं होतं. तुझी रजा झाली नाही, तू आला नाहीस. मग त्याने आपल्या पट्टीत बांध घातला आणि दगडापाशी आणून थांबवला. अगदी दगडाला टेकवून. तुझी पट्टी मोकळी, आणि पलीकडे हरिदासच्या वावरात बांध पुन्हा सुरू. प्रभाकररावांनी काम थांबवलं होतं. ते वहिनीसमोर दादाला म्हणाले, अहो नत्थूजी, पाणी काय दगड बघून थांबतं व्हय? ओळ मध्ये सोडली तर सगळ्या टेकाडाचं पाणी त्या फटीवर येईल. एक तर भाऊरायाला बोलवा, नाहीतर तुमचा बांध आत्ता राहू द्या. दादा म्हणाला, साहेब, तुमच्याकडं मानसाले भाऊ नसतात का? ते म्हणाले, दोन भाऊ आहेत, दोघंही माझ्याशी बोलत नाहीत. यावर दोघंही खूप हसले असं वहिनी सांगते. शेवटी टोकाला दगडांची रास रचायची आणि दिवाळीत तुझा हात घेऊन मधलं काम पुरं करायचं, असं ठरलं. प्रभाकरराव आता म्हणतात की मी ऐकायला नको होतं. त्यांना ते तेव्हाही मनापासून पटलं नव्हतं, पण दादाच्या तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. ते तेराव्याला आले होते, मागे उभे होते. तू त्यांना पाहिलं नसशील.

मी ज्येष्ठ संपताना इथे आले ती वहिनीला ताप होता म्हणून. पहिले दोनचार पाऊस नीट झाले. एका दुपारी दादा मला ओढतच वावरात घेऊन गेला. बांधाच्या वरच्या अंगाला पाणी मुरून गेलं होतं आणि तिथे गाळाचा एक पातळ थर बसला होता, सायीसारखा. त्याने त्यात बोट घातलं आणि मला दाखवलं. पाह्य कोकिळे, म्हणाला, हे माती गेल्या साली नाल्यात गेलती, तठून वर्धा नदीत, अन् तठून कोन्या मुलखात कोनास ठाऊक. औंदा घरीच हाय. मग तुझ्या पट्टीकडे वळला. तिथे तासातासांतून पाणी धावून गेल्याच्या खुणा होत्या आणि दगडाशी एक ओहळ पडायला लागला होता. म्हणाला, वासुदेवची तूर बिचारी उघडी पडून राह्यली. दिवाळीत मी त्याच्या पाया पडतो, मंग तं हसन? मी म्हटलं, तू मोठा, तू कशाला पाया पडतोस? तो म्हणाला, गंमत मी केलती ना?

त्यानंतरचा पाऊस वेगळा होता. सकाळपासून आभाळ दाटलेलं, आणि दुपारी जो सुरू झाला तो थांबेना. दादा जेवायला बसणार एवढ्यात तानबा भिजत आला. मालक, लायन्या मालकाची, म्हणजे तुझी, तूर चालली, म्हणाला, साऱ्या बांधाईचं पानी दगडापाशी फुटून राह्यलं. दादा तसाच उठला. वहिनीने हाक मारली, दोन घास खाऊन जाजो. तो म्हणाला, येतोच, झाकून ठेव. पुढचं मी तानबाने सांगितलेलं लिहिते. तो शपथेवर सांगतो आणि मला त्यावर शंका नाही. दगडाजवळचा ओहळ माणूसभर खोल गेला होता आणि तुझ्या पट्टीत घुसून तूर मुळांसकट ओढत होता. दादा दगडाच्या अलीकडे, आपल्या अंगाला उभा राहिला. हातात फावडं. तानबा म्हणतो की बराच वेळ उभा राहिला, पलीकडे पाऊल टाकेना. तानबा ओरडला की मालक, मी तुमच्या भावाचा बटईदार, मी सांगतो, या! तेव्हा दादा म्हणाला, तुह्या हाताचं चालत नाई रे. मग आणखी थोडी तूर गेली. तेव्हा दादा म्हणाला, वासुदेव शिव्या देईन. देऊ दे म्हना. आणि दगड ओलांडून तुझ्या वावरात उतरला, ओहळाच्या तोंडाशी माती टाकायला लागला. तानबाला म्हणाला, बोरीच्या काट्या आन, भर टिकाले पाह्यजे. तानबा काट्या तोडायला धुऱ्याच्या वरच्या टोकाला गेला. परत आला तेव्हा बांधाचं टोक, रचलेले दगड, सगळंच खाली बसलं होतं, आणि दादा दिसत नव्हता. त्याला वाटलं, घरी गेला. त्याने दोन हाका मारल्या. मग काट्या टाकून हातांनी उकरायला लागला.

आम्ही पोचलो तेव्हा माणसं जमली होती. दादा तुझ्या पट्टीत होता, वासुदेव. दगडापासून चांगला आत. हे तानबाने, मी आणि वहिनीने पाहिलं, आणि उकरणाऱ्या माणसांनी. वहिनी तेव्हा शुद्धीवर होती का ते मला माहीत नाही, पण तिने तिथल्या तिथे सगळ्यांना सांगितलं, तो आपल्याच वावरात होता म्हना. लायन्या भाऊजीले सांगू नोका. एक गेला, आता दुसऱ्याले काऊन मारता? गावाने तिचा शब्द पाळला. मीही पाळला, आजपर्यंत. तुझं कार्ड आलं नसतं तर मरेपर्यंत पाळला असता. पण आता लोक म्हणतात की बांध मनहूस आहे, आडवी माती घालून पाणी अडवलं की ते बळी घेतं. ज्यांना खरं माहीत आहे तेही तसंच म्हणतात, कारण खरं सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागतं. प्रभाकरराव घरोघर फिरून सांगतात की बांधाने कोणाला मारलं नाही, बांध अर्धा राहिला त्याने झालं. लोक त्यांना म्हणतात, तुमी दूरचे, तुमाले काय समजते? आणि सगळी ओळ फुटली तर टेकाडावर दादाने मला दाखवलेली ती माती पहिल्या जोरदार पावसात जाईल. आपल्याच वावरातली नाही, सगळ्यांची.

काल संध्याकाळी मी वहिनीला सांगितलं की मी वासुदेवला सगळं लिहिणार. ती माझ्यावर रागावेल असं वाटलं होतं. ती चुलीकडे वळली. आज सकाळी उठून पाहते तर ती घरात नाही. चार दिवसांपासून उघाड आहे. मी वावरात गेले तर ती आणि तानबा दगडापाशी होते. तानबा खणत होता आणि ती टोपल्याने माती टाकत होती, दगडाच्या पलीकडे, तुझ्या पट्टीत. प्रभाकररावांनी चुन्याची रेघ मारून दिली होती आणि ते सदरा काढून दगड वाहत होते. मी म्हटलं, वहिनी, दगडावर दोन हात लागतात. ती म्हणाली, माह्या हाताले चुडा नाई आता, मले कोनी काय म्हनन? मग मीही पदर खोचला. दुपारपर्यंत बांध दगडावरून पलीकडे गेला आहे, दगड आता मातीखाली दिसत नाही. पोळ्यापर्यंत तो हरिदासच्या बांधाला जाऊन मिळेल. हे सगळं तुला न विचारता झालं, तुझी चार तासंही त्याखाली गेली, आणि ते तुला इतर कोणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. वहिनीचा निरोप तिच्याच शब्दांत लिहिते. भाऊजीले म्हनजो, फोडाचा असन तं पोळ्याले खुद्द येऊन फोडा. दुसऱ्या कोनाले मी फावडं लावू देनार नाई, बांधावर बसून राहीन. मी तिच्याजवळ बसणार आहे. तू ये, वासुदेव. फावडं घेऊन आलास तरी ये.

तुझीच,
कोकिळाताई